ते मशीन मीच मागवलं होतं

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाचे गुडघे, कंबर, टाचा दुखत असतील आणि त्यासाठी तुम्ही ऑनलाइन एखादं 'करंटचं मशीन' मागवलं असेल किंवा मागवायच्या बेतात असाल, तर पूर्ण वाचा. आत्ता घाई असेल तर सेव्ह करून ठेवा. फक्त पार्सल आईवडिलांच्या हातात पडायच्या आधी वाचा.

मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून आत. आई आणि नाना गावीच असतात. आईचे गुडघे पाच-सहा वर्षांपासून दुखतात, नानांना चौदा वर्षांपासून शुगर आहे. गणपतीत आईचा फोन आला, "शेजारच्या काकूनं मशीन आणलंय बघ गुडघ्याचं, लई बरं वाटतंय म्हणती." रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या मी मोबाइलवर शोधलं. ८९९ रुपये, चार स्टार, चार पॅड, आणि वर रबरी चपलांचा जोड फुकट. पत्ता गावचा टाकला, पैसे भरले, झोपलो. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलगा म्हणून आपण काहीतरी केलं असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीला गावी गेलो. पहिल्या आंघोळीला पहाटे नानांच्या पायाला तेल लावत होतो, तर डाव्या टाचेच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा डाग. मध्ये काळपट, कडा पांढऱ्या, जरा ओलसर. मी विचारलं, "नाना, हे काय झालं?" त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "व्हय की. मला तर काय कळलंच न्हाई."

मग सगळी हकीकत बाहेर आली. पॅड आईनं घेतले होते, चपला नानांनी. त्या चपलांच्या तळाला धातूच्या चकत्या असतात आणि मागून वायर येते, ती मशीनला लावायची. नानांचे तळपाय रात्री आग व्हायचे, दिवसा बधिर असायचे. रोज रात्री बातम्या बघताना ते चपला घालून बसायचे. "पयल्यांदा काय लागंचना. मला वाटलं मशीन मेलंय. मग वाढवत वाढवत शेवटाला नेलं, तवा कुठं जरा मुंग्या आल्यागत झालं." कुणीतरी सांगितलं म्हणून आधी पाय ओले करायचे. आणि बॅटरी टिकत नव्हती म्हणून मशीन चार्जिंगला लावूनच वापरायचे.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस. कारखान्यात कुणी ओल्या हातानं पॅनेलजवळ गेलं तर ओरडतो. आणि माझा बाप ओल्या पायांनी, भिंतीतल्या प्लगला जोडलेलं यंत्र पायात घालून महिनाभर बसला होता. ते यंत्र मीच पाठवलं होतं.

विट्याच्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि एवढंच विचारलं, "शुगरच्या पेशंटच्या तळपायाला करंट लावायला कुणी सांगितलं?" मी खाली बघत उभा राहिलो. पुढं अडीच महिने एक दिवसाआड ड्रेसिंग. शुगरच्या माणसाच्या पायाची जखम कुठपर्यंत जाऊ शकते हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. आमचा पाय वाचला.

त्या अडीच महिन्यांत मी या यंत्राबद्दल जे मिळेल ते वाचलं. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कमेंटमध्ये लगेच "सगळं थोतांड आहे" सुरू होईल. थोतांड नाही. या यंत्राला टेन्स म्हणतात. त्वचेवर पॅड लावून बारीक बारीक विजेचे ठोके द्यायचे आणि खालच्या नसा चाळवायच्या, एवढंच त्याचं काम. कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? हातानं खसाखसा चोळतो आणि कळ कमी होते. चोळण्याची जाणीव आणि दुखण्याची जाणीव या दोन्ही मज्जारज्जूतून वर जातात, आणि चोळण्याच्या जाणिवेमुळं दुखण्याच्या निरोपाची वाट थोडी अडते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली हीच कल्पना 'गेट कंट्रोल' म्हणून मांडली आणि पुढं दोन वर्षांत वॉल यांनी एका सहकाऱ्यासोबत माणसांवर विजेचा प्रयोग करून दुखणं तात्पुरतं थांबतं हे दाखवलं. तसं बघायला गेलं तर युक्ती फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पायाच्या दुखण्यावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा पायाखाली ठेवायला सांगायचा, पाय बधिर होईपर्यंत. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "मासा परवडला असता."

तर दुखणं कमी होतं. पण किती आणि किती वेळ? २०२२ मध्ये ३८१ चाचण्या एकत्र करून झालेल्या आढाव्यात असं दिसलं की यंत्र चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच दुखणं कमी होतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दुसरीकडं ब्रिटनमधली नाईस ही सरकारी संस्था, जी तिथल्या डॉक्टरांना कोणता उपचार द्यावा ते सांगते, तिनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांधे झिजण्याच्या दुखण्यासाठी टेन्स देऊ नका असंच सांगितलंय. म्हणजे जाणकारांतही एकमत नाही. माझ्या आईचं विचाराल तर तिला अर्धा तास लावल्यावर दोन-तीन तास बरं वाटतं, तेवढ्यात तिची भाकरी-भाजी उरकते. गुडघ्याची झीज काही भरून येत नाही. झीज भरून येते, नस मोकळी होते, रक्त शुद्ध होतं असं कुणी सांगत असेल तर तिथंच उठून यायचं.

आणि हेही सांगतो की यावर बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या गावात फिजिओथेरपिस्ट नाही. तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, फिजिओची फी आणि आख्खा दिवस. त्यामुळं माणसं काय करतात? मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या सुट्या आणतात आणि वर्षानुवर्षं खातात. शुगर आणि बीपी असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला त्या गोळ्या काय करतात ते कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्यापेक्षा नीट वापरलेलं हजार रुपयांचं मशीन बरंच. माझं म्हणणं त्या 'नीट' या शब्दाबद्दल आहे.

नानांच्या टाचेला झालं काय, ते समजून घ्या. साधारण चौकोनी पॅड पाच बाय पाच सेंटिमीटरचा असतो, म्हणजे पंचवीस चौरस सेंटिमीटर जागा. करंट त्या सगळ्या जागेवर पसरतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पॅडचा चिकट जेल वाळला, कडा उचलल्या आणि फक्त एका कोपऱ्यात चिकटून राहिला, तर तेवढाच करंट त्या कोपऱ्यातून घुसतो. पाटावर उभं राहणं आणि खिळ्यावर उभं राहणं, वजन तेच. चपलांचं तर आणखी अवघड. टाचेच्या भेगा, तळव्याची घट्टी, तिथं ओलं इथं कोरडं, सगळा करंट जिथं वाट मिळेल तिथून जातो. तुमच्या-माझ्या पायाला असं झालं तर सुई टोचल्यासारखं होतं आणि आपण पाय झटकतो. हे झटकणं हाच या यंत्राचा फ्यूज आहे! शुगरमुळं ज्याच्या तळपायाच्या नसा बधिर झाल्यात त्याचा हा फ्यूज आधीच उडालेला असतो. वर तो माणूस काही जाणवत नाही म्हणून आकडा वाढवतो. सगळ्यात जास्त धोका ज्याला, तोच सगळ्यात जास्त करंट घेतो. मला हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या गणितानं कळायला हवं होतं, पण रात्री साडेअकराला कोण गणित करतं.

म्हणून बधिर जागेवर हे यंत्र नाही. शुगर असेल तर आधी डॉक्टरांकडून पायाची जाणीव तपासून घ्या. एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, दोन मिनिटांचं काम आहे. चौदा वर्षं शुगर असून नानांची ही तपासणी एकदाही झाली नव्हती. तो वेगळ्या पोस्टचा विषय.

चार्जिंगचंही सांगतो, कारण याबद्दल फारसं कुणी बोलताना दिसत नाही. मशीन आतल्या बॅटरीवर चालतं तेव्हा भिंतीतल्या विजेशी त्याचा संबंध नसतो. चार्जरची पिन लावून वापरलं की भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमचं शरीर यांच्यामध्ये फक्त त्या चार्जरमधलं इन्सुलेशन उरतं. चांगल्या चार्जरमध्ये ते नीट असतं. आठवडी बाजारातल्या ऐंशी रुपयांच्या चार्जरमध्ये काय असतं ते मी उघडून बघितलंय, तुम्ही न बघितलेलं बरं. त्यात गावाकडं लाइट किती वेळा जाते-येते आणि व्होल्टेज कसं नाचतं ते सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल जळाला तर मोबाइल जातो. इथं वायरच्या दुसऱ्या टोकाला ओले पाय आहेत. तेव्हा चार्जिंगला लावलेलं असताना अंगाला लावायचं नाही, म्हणजे नाही. चायनीज मॅटची ती पायाखाली घालायची घडी, कमरेचा पट्टा, मानेला अडकवायचं गोल, सगळ्यांना हेच लागू.

आता शिबिराचं. जानेवारीत गावात मारुतीच्या देवळाच्या हॉलमध्ये 'मोफत वेदनामुक्ती शिबिर' लागलं होतं. मी मुद्दाम रजा टाकून गेलो. दोन पोरं होती, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर सहा मशीनं. पस्तीस-चाळीस म्हातारी माणसं रांगेत. मी चाळीस मिनिटं कोपऱ्यात बसून बघत होतो. एकाही माणसाला त्यांनी 'तुमच्या छातीत पेसमेकर आहे का' असं विचारलं नाही. एकालाही शुगर आहे का विचारलं नाही. एका बाईच्या मानेला पुढून, गळ्याच्या दोन्ही बाजूंना पॅड लावले, थायरॉईडसाठी म्हणे. मी उठून काढायला लावले, तर तो पोरगा मला म्हणाला, "सर, तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हणालो, "नाही. तू आहेस का?" थोडी बाचाबाची झाली. सरपंच मध्ये पडले. तोपर्यंत नऊ मशीनं खपली होती, प्रत्येकी साडेचार हजार. माझ्या ८९९ वाल्याचाच भाऊ, फक्त डबा मोठा.

मानेवर का नाही, तर गळ्याच्या बाजूनं मेंदूकडं जाणारी रोहिणी जिथं फुटते तिथं रक्तदाबावर लक्ष ठेवणाऱ्या नसा असतात. तिथं करंट दिला तर बीपी आणि नाडी एकदम खाली येऊ शकते, माणूस चक्कर येऊन पडू शकतो. स्वरयंत्राचे स्नायू आवळले तर श्वासाचा प्रश्न. पेसमेकरचं कारण आणखी साधं आहे. तो हृदयाचे ठोके सतत ऐकत असतो आणि ठोका चुकला तर स्वतः देतो. बाहेरून येणारे विजेचे ठोके त्यानं हृदयाचेच समजले तर तो गप्प बसतो, आणि माणसाला गरज असताना ठोका मिळत नाही. छातीत झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर उलटं, ते घाबरून नको तेव्हा झटका देऊ शकतं. म्हणून अशा माणसानं आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या यंत्राला हात लावायचा नाही, 'गुडघा लांब आहे की' म्हणूनही नाही. एक पॅड छातीवर आणि एक पाठीवर असं तर कुणीच लावू नये, कारण मधल्या वाटेवर हृदय आहे. डोक्यावर, डोळ्यांवर, जखमेवर, कॅन्सरच्या गाठीवर नाही. गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर नाही. फिट येत असतील तर मानेवर-डोक्यावर नाही आणि इतरत्रही डॉक्टरांना विचारून. पोटरीत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, म्हणजे एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, तर पोटरीवर मुळीच नाही. ही स्वस्त मशीनं नुसत्या मुंग्या आणत नाहीत, काही मोडमध्ये स्नायू गचागच आवळतात, त्यानं गुठळी हलली तर थेट फुफ्फुसात जाऊ शकते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आत सांधा बसवलेला असेल तर 'लोखंडाला करंट लागेल' अशी भीती लोक घालतात. तसं सरसकट काही नसतं, पण ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना एक फोन करून विचारा.

एवढी सगळी यादी मला कुठं मिळाली? आईच्या मशीनच्या डब्यात. खरंच. डब्यात घडी घातलेला कागद होता, एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला मुंगीएवढं इंग्रजी. अर्धंअधिक तिथं लिहिलेलं होतं, बाकीचं मी डॉक्टरांना विचारून आणि वाचून जमवलं. माझ्या आईला त्या कागदाचा उपयोग एकच, तिनं तो कडधान्याच्या डब्याच्या तळाला घातला होता. आणि डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात काय छापलं होतं? एका बाजूला 'मसाजर', दुसऱ्या बाजूला 'सांधेदुखी, सायटिका, लकवा, मधुमेह यापासून आराम'.

खरा घोळ इथं आहे. मसाजर म्हटलं की ते पायपुसणं आणि पंख्यासारखं घरगुती सामान, कुणी विचारत नाही. पण आपल्या देशात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. ज्या वस्तूचा उद्देश आजार किंवा दुखणं कमी करणं आहे, ती उपकरण. कमी धोक्याच्या उपकरणांनासुद्धा १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त धोक्याच्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. मग 'सायटिकापासून आराम' असं छापलेला डबा कायद्यानं काय झाला? मसाजर की उपकरण? एकाच डब्यावर ग्राहकाला सांगायला औषध आणि सरकारला सांगायला मसाजर, हे चालतं कसं? आणि लकवा-मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करण्याबद्दल तर १९५४ सालचा 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायदा आहे, त्याच्या यादीत हे दोन्ही आजार नावानिशी आहेत. सत्तर वर्षं जुना कायदा आहे, आणि मारुतीच्या देवळात फ्लेक्स लागतो.

अन्न व औषध प्रशासनाकडं माणसं कमी आहेत, मान्य. प्रत्येक देवळात इन्स्पेक्टर उभा करा असं म्हणत नाही. पण दोन गोष्टी करायला माणसं लागत नाहीत. विकायच्या साइटवर 'पैसे भरा' या बटणाच्या आधी तीन प्रश्न टाका: वापरणाऱ्याला पेसमेकर आहे का, शुगर किंवा पाय बधिर आहेत का, गरोदर आहे का. गुटख्याच्या पुडीवर चित्र टाकायला लावलं, पिक्चरच्या आधी सिगारेटची जाहिरात बघायला लावता, मग हे का जमणार नाही? आणि दुसरं, डब्यावर मराठीत, डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात, कुणी वापरू नये ते. मराठी अभिजात झाली म्हणून आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या, मीही टाकली होती. माझ्या आईला कळेल असं एक वाक्य त्या डब्यावर नाही.

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत हे मशीन विकत घेताना वापरणाऱ्याला प्रश्न विचारणारा एकच माणूस शिल्लक आहे, तो म्हणजे रात्री अंथरुणात पडून ऑर्डर करणारा मुलगा किंवा मुलगी. दुकानदार नाही, डॉक्टर नाही, कुरिअरवाला तर नाहीच. आपण. मी तो प्रश्न विचारला नाही, कारण मला वाटलं की मी गिफ्ट पाठवतोय.

आईचं मशीन आम्ही बदललं. लेबलवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता आणि उपकरणाचा परवाना क्रमांक आहे असं बघून विट्यातल्या सर्जिकलच्या दुकानातून घेतलं, महाग पडलं. डॉक्टरांनी पॅड कुठं लावायचे ते पेनानं गुडघ्यावर खुणा करून दाखवलं. आई आता काय करते तेवढं सांगतो. गुडघा साबणानं धुऊन कोरडा पुसते, तेल नाही, बाम नाही. मशीन बंद असतानाच पॅड लावते, मग चालू करून शून्यापासून हळूहळू वाढवते, छान मुंग्या येतील तिथं थांबते. दुखायला लागलं म्हणजे जास्त झालं. वीस ते तीस मिनिटं, स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडं बघत, आणि जागेपणी. लावून झोपायचं नाही, हे तिला सांगावं लागलं, कारण तिला झोप छान लागायची. काढल्यावर कातडी बघते. जरा गुलाबी झाली तर चालतं, थोड्या वेळात जाते. चट्टा राहिला, फोड आला, खाज सुटली तर बंद. पॅडचा चिकटपणा गेला की नवे. सेलोटेपनं चिकटवायचे नाहीत, शेजारच्या काकूचे वापरायचे नाहीत, आपले द्यायचे नाहीत. (काकूंना राग आला. येऊ दे.) आणि पट्टा लावून गाडी चालवणारे महाभाग असतात, मी चाकणच्या सिग्नलला एक बघितलाय, कमरेला वायर लोंबतेय आणि बुलेटवर बसलाय. अचानक झटका बसला आणि हँडल हललं तर मागच्या ट्रकवाल्याची काय चूक?

ज्यांना अशा यंत्रानं भाजलं असेल, चक्कर आली असेल, त्यांनी नुसतं स्टार कमी देऊन सोडू नका. उपकरणांमुळं झालेल्या इजा नोंदवायला देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. टोल फ्री नंबर १८०० १८० ३०२४. यंत्राचा डबा, लेबलचा फोटो आणि जखमेचा फोटो जपून ठेवा. मी डबा फेकून दिला होता, त्यामुळं माझी तक्रार लंगडी झाली. ज्या साइटवरून घेतलं तिथं लिहिलं तर उत्तर आलं, "परत करण्याची मुदत संपली आहे."

नानांच्या टाचेला आता खळगा आहे, दाबला तरी त्यांना कळत नाही. रोज रात्री आई आरसा धरून त्यांचे तळपाय बघते. त्या चपला मी चाकणला घेऊन आलोय, खोलून बघायच्या आहेत.

डब्यातल्या त्या इंग्रजी कागदाचं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींचं मी एका पानाचं मराठी करून ठेवलंय, अक्षर मोठं आहे, विट्याच्या डॉक्टरांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्त करून दिलंय. कुणाला गावी पाठवायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकतो. प्रिंट काढून मशीनच्या पिशवीतच ठेवा. आमच्यासारखा कडधान्याच्या डब्यात नको.